सायकलवर पाणी आणि कॅमेरा दोन्ही न्यायचे, तर सॅक कोणती घ्यावी?

प्रश्न विचारणारे वाचक पुण्यात राहतात, सुट्टीच्या दिवशी मुळशी, पानशेत, राजमाची या बाजूंना एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवरची माउंटन बाइक, चालवतात आणि त्यांच्याकडे सोनीचा ए६४०० कॅमेरा, १६-५० ची किट (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी छोटी) लेन्स व ५५-२१० ची टेलिफोटो, म्हणजे दूरचे टिपणारी लेन्स, आहे. सध्या ते कॅमेरा टॉवेलमध्ये गुंडाळून ऑफिसच्या सॅकमधून नेतात आणि पाणी सायकलच्या बाटलीत. आता त्यांना नळीने पिता येणारी पाण्याची पिशवी, म्हणजे ब्लॅडर, बसणारी सॅक घ्यायची आहे. ती सायकलिंगची घ्यावी की कॅमेऱ्याची, किती लिटरची घ्यावी, आणि मुळात पाणी व कॅमेरा एकाच सॅकमध्ये ठेवणे सुरक्षित आहे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

आधी उत्तर देतो. सायकलिंगसाठीच बनवलेली, १४ ते १८ लिटरची, ब्लॅडरसाठी पूर्णपणे वेगळा कप्पा असलेली सॅक घ्या आणि कॅमेऱ्यासाठी पॅड असलेला सुटा इन्सर्ट, म्हणजे सॅकच्या आत ठेवायचा मऊ डबा, तिच्यात बसवा. नुसती कॅमेऱ्याची म्हणून विकली जाणारी सॅक या कामासाठी घेऊ नका. सह्याद्रीत १४ वर्षे सायकल आणि कॅमेरा बरोबरीने वापरल्यावर आणि एक चांगली लेन्स गमावल्यावर मी या मतावर आलो आहे, म्हणून त्यामागची कारणे नीट मांडतो.

ती लेन्स कशी गेली हे सांगितले, तर सॅकच्या रचनेबद्दल पुढे जे म्हणायचे आहे ते लवकर पटेल. जुलैचा महिना होता आणि लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीला निघालो होतो. वाट साधारण १५-१६ किलोमीटरची, ओढे भरून वाहत होते आणि सॅकवर रेनकव्हर चढवलेले होते. ब्लॅडरचे झाकण आट्यांवर किंचित तिरके बसले होते, पण ते मला कळले नाही, कारण पाठ पावसाने आणि घामाने आधीच चिंब झालेली होती आणि गळणारे पाणी त्याहून वेगळे जाणवण्याचा प्रश्नच नव्हता. उधेवाडीत एका घराच्या पडवीत सॅक उघडली, तेव्हा तळाशी चांगले ओंजळभर पाणी साचले होते आणि लेन्सचे पाउच त्या पाण्यात बसले होते. पावसाचे पाणी बाहेर थोपवणारे कव्हर आत गळलेले पाणीही तितकेच घट्ट धरून ठेवते, हे त्या दिवशी समजले. लेन्स पुसून, वाळवून ठेवली आणि ती चालतही होती. पण दोनेक महिन्यांनी आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागले. ती बुरशी होती.

तेव्हापासून सॅक हातात घेतली की मी सर्वांत आधी ब्लॅडरच्या कप्प्याचा तळ पाहतो. हा कप्पा मुख्य कप्प्यापासून कापडाच्या अखंड भिंतीने वेगळा केलेला असावा, आणि त्याच्या तळाला पाणी बाहेर जाण्यासाठी छोटे भोक असावे. कित्येक सॅकमध्ये ब्लॅडरसाठी मुख्य कप्प्यातच एक इलॅस्टिकचा खिसा शिवलेला असतो. त्यात लॅपटॉपही बसतो आणि ब्लॅडरही, असे दुकानदार कौतुकाने सांगतात. नेमकी तीच रचना कॅमेऱ्यासाठी घातक आहे, कारण गळलेल्या पाण्याला कॅमेऱ्यापर्यंत जायला सरळ वाट मिळते. बाहेरून स्वतंत्र चेन असलेला, पाठीच्या पॅनेलला लागून असलेला कप्पा सर्वांत चांगला. ब्लॅडर गळलेच तर पाणी तुमच्या पाठीवर आणि तिथून पँटवर येईल. ते लगेच लक्षात येईल आणि कॅमेरा वाचेल.

पाठीवरून पाणी नेण्याची ही पद्धत मुळात सायकलवाल्यांची आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायकल आयड्सन नावाच्या एका सायकलपटूने टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सच्या १०० मैलांच्या शर्यतीत सलाइनची पिशवी पाण्याने भरून, लांब मोज्यात घालून जर्सीच्या पाठीवर अडकवली होती. पुढे त्यातूनच कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. म्हणजे या सॅकची जडणघडण पाण्याभोवती झाली आणि बाकीच्या सामानाला जागा नंतर मिळत गेली. कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये याच्या उलट झाले आहे: तिथे सगळी रचना लेन्सभोवती असते आणि ब्लॅडरची जागा शेवटी कुठेतरी शोधलेली असते. अशा सॅकचा कमरपट्टा बहुधा बारीक, आकार चौकोनी आणि वजन पाठीपासून दूर असते. पायी चालताना हे चालून जाते. खडकाळ उतारावर, पेडलवर उभे राहून शरीर मागे नेता, तेव्हा तीच सॅक मानेकडे सरकते आणि प्रत्येक वळणावर अर्धा क्षण उशिरा वळते. हा अर्धा क्षण तोल घालवायला पुरेसा असतो.

वजनाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा, अंदाजावर सोडू नये. तुमचा कॅमेरा बॅटरीसह सुमारे ४०० ग्रॅम, किट लेन्स ११६ ग्रॅम आणि टेलिफोटो ३४५ ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून ८६० ग्रॅमच्या आसपास. एक लिटर पाणी एक किलोचे, तेव्हा दोन लिटरचे दोन किलो. सॅक आणि इन्सर्ट मिळून सव्वा किलो धरा. खाणे, पावसाळी जॅकेट आणि प्रथमोपचाराची पिशवी मिळून पाऊण किलो होते. बेरीज पाच किलोच्या किंचित आत येते आणि ती आटोक्यात आहे. सहा किलोच्या पुढे गेलो की माझ्या बाबतीत आधी तळहात बधिर होऊ लागतात आणि मग उतारावरचा आत्मविश्वास कमी होतो. म्हणून पंप, ट्यूब, टायर लिव्हर आणि पान्यांचा संच यांना सॅकमध्ये जागा देऊ नका. ते सीटखालच्या छोट्या बॅगेत किंवा फ्रेमला पट्ट्याने बांधून न्यावे. त्यात वजनाखेरीज आणखी एक फायदा आहे: पडलात तर लोखंडी पाना आणि कॅमेरा एकमेकांवर आदळणार नाहीत.

पाण्याबद्दल माझा ठोकताळा असा आहे की, आपल्याकडच्या उन्हात चढ चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, आणि मार्च ते मेमध्ये त्याहून थोडे जास्त धरावे. तीन तासांच्या फेरीसाठी दोन लिटरचे ब्लॅडर आणि फ्रेमवर ७५० मिलिलिटरची बाटली पुरते. तीन लिटरचे ब्लॅडर घ्यायला हरकत नाही, पण ते पूर्ण भरले की फुगून मुख्य कप्प्याची जागा खाते आणि इन्सर्टला मागून दाबते. दुकानात रिकाम्या सॅकमध्ये इन्सर्ट सहज बसतो आणि घरी पाणी भरल्यावर चेन लागत नाही, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. लिटरचा आकडा वाचताना हेही पाहा की तो ब्लॅडर धरून दिला आहे की ब्लॅडर सोडून. साखर किंवा मीठ घातलेले पेय बाटलीत ठेवा आणि ब्लॅडरमध्ये फक्त साधे पाणी भरा. सरबताने नळीत जी काळपट बुळबुळ धरते, ती सहजासहजी निघत नाही.

आता पाठीच्या पॅनेलकडे वळू. ट्रेकिंगच्या बऱ्याच सॅकमध्ये पाठ आणि सॅक यांच्यामध्ये ताणलेली जाळी असते, त्यामुळे हवा खेळती राहते आणि उन्हाळ्यात ते सुखावह वाटते. परंतु जाळीमुळे सगळे वजन पाठीपासून काही सेंटीमीटर दूर जाते आणि सायकलवर सॅक डुलते. मी फोमच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये हवेसाठी खाचा असलेले पॅनेल निवडतो. घाम थोडा जास्त येतो, पण सॅक अंगाचाच भाग झाल्यासारखी बसते. पाणी सर्वांत जड असल्यामुळे ते पाठीला चिकटून असावे, त्याच्या बाहेर कॅमेरा, आणि सर्वांत बाहेर जॅकेट. कॅमेरा सॅकच्या मधल्या ते खालच्या भागात, कमरपट्ट्याच्या किंचित वर यावा. तो वर ठेवलात, तर तीव्र उतारावर वजन डोक्याकडे झुकते.

कमरपट्टा नावापुरता असून चालत नाही. कंबरेच्या हाडावर टेकेल इतके रुंद, पॅड असलेले पंख त्याला असावेत. छातीवरचा पट्टा वरखाली सरकवता यावा, विशेषतः स्त्रियांसाठी आणि लहान धडाच्या व्यक्तींसाठी, कारण एकाच जागी शिवलेला पट्टा त्यांना श्वास घेताना त्रास देतो.

कॅमेरा बाहेर काढण्याची वाट हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो, आणि खरेदी करताना सर्वांत कमी विचार याचाच होतो. कॅमेरा काढायला दोन मिनिटे लागत असतील, तर पहिल्या तासानंतर तुम्ही तो काढणारच नाही. पाठीवरून ओझे वाहून नेल्यासारखे होईल आणि घरी येईपर्यंत फोनवरचे फोटोच हाती राहतील. वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये इन्सर्टवर जॅकेट, डबा, केळी असे सगळे रचलेले असते आणि ते प्रत्येक वेळी उपसावे लागते. पाठीच्या बाजूने उघडणाऱ्या सॅकचा गुण असा की जमिनीवर ठेवताना तिची बाहेरची बाजू चिखलात जाते आणि अंगाला लागणारी बाजू स्वच्छ राहते. मात्र ब्लॅडरही त्याच बाजूला असल्यामुळे भरलेली पिशवी उचलून धरूनच आत हात घालावा लागतो. मी बाजूने उघडणारी सॅक पसंत करतो. एक पट्टा खांद्यावरून उतरवायचा, सॅक पोटाकडे फिरवायची, बाजूची चेन उघडायची आणि कॅमेऱ्याची पकड थेट हातात येते. हे सगळे सायकलचा दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन उभ्या उभ्या होते आणि सॅक जमिनीला लागत नाही. फक्त जो पट्टा खांद्यावर राहणार आहे, त्याच पट्ट्यावरून पाण्याची नळी आणा. दुसऱ्या बाजूने आणली, तर सॅक फिरवताना नळी गळ्याशी अडकते. कमरपट्टा आणि छातीचा पट्टा आधी सोडावा लागतो, म्हणून त्यांची बकले हातमोजे घालूनही उघडतील अशी आहेत ना, हे पाहून घ्या.

खांद्याच्या पट्ट्यावर कॅमेरा लटकवायची क्लिप मिळते आणि ती पाहून मोह होतो. सपाट कच्च्या रस्त्यावर ती उपयोगी आहे. परंतु उतारावर छाती हँडलकडे खाली जाते तेव्हा लेन्स हँडलच्या स्टेमवर, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यावर, आदळू शकते, आणि पुढे पडलात तर कॅमेरा तुमची छाती आणि दगड यांच्यामध्ये येतो. खडकाळ वाटेवर मी ती कधीच वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये असे मला मनापासून वाटते. हँडलवरच्या बॅगेत कॅमेरा ठेवण्याबाबतही माझे हेच मत आहे, मात्र कारण वेगळे आहे. हँडलवर चाकाचा प्रत्येक धक्का थेट पोहोचतो, तर पाठीवर येईपर्यंत हात, कोपर आणि गुडघे त्याचा बराच भाग शोषून घेतात. मोटारसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलची कंपने वेगळ्या जातीची आहेत हे खरे, पण लेन्समध्येही तशीच हलणारी नाजूक भिंगे असतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

इन्सर्ट शक्यतो कॅमेऱ्याला घट्ट बसेल इतकाच घ्या. सैल इन्सर्टमध्ये कॅमेरा प्रत्येक दगडावर उसळतो आणि कालांतराने माउंटचे, म्हणजे लेन्स जिथे बॉडीला जोडली जाते त्या कड्याचे, स्क्रू ढिले होतात. कॅमेऱ्याला लहान लेन्स लावून, लेन्स खाली आणि बॉडीचे वजन कडेच्या पॅडवर टेकेल असे ठेवावे, म्हणजे सगळा भार लेन्सच्या माउंटवर येत नाही. टेलिफोटो वेगळ्या कप्प्यात, तिच्या पाउचमध्ये. निघण्यापूर्वी मी सॅक कानाजवळ धरून जोरात हलवतो. आतून खुळखुळ असा थोडासाही आवाज आला, तर उघडून मऊ कापडाची एक घडी त्या फटीत बसवतो. याला अर्धा मिनिट लागतो.

पडण्याचा विचार टाळता येत नाही, कारण डोंगरात सायकल चालवणारा प्रत्येक जण कधी ना कधी पडतो. पाठीवर पडलात, तर सॅकमधली कठीण वस्तू तुमच्या मणक्यावर दाबली जाते. भरलेले ब्लॅडर मध्ये असले तर थोडा आधार मिळतो, पण त्याला संरक्षण म्हणता येणार नाही. इव्होकसारख्या काही कंपन्यांच्या सॅकमध्ये पाठीचे संरक्षक कवच बसवलेले असते. त्यावर ईएन १६२१-२ हे मानक लिहिलेले आहे का ते पाहा, कारण मोटारसायकलस्वारांच्या पाठीच्या कवचासाठी वापरले जाणारे मानक तेच आहे. तीव्र उतार आणि उड्या हा तुमच्या चालवण्याचा नेहमीचा भाग असेल, तर मी कवच असलेलीच सॅक सुचवेन आणि त्यासाठी लागणारे जास्तीचे अर्धा-पाऊण किलो वजन मान्य करेन. जीपच्या वाटांवर आणि पठारावर फिरणार असाल, तर त्याची तितकी निकड नाही.

आपल्याकडच्या हवेचे दोन वेगळे त्रास आहेत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंतची बारीक धूळ सॅकच्या चेनच्या दातांमध्ये बसते आणि आतही शिरते, म्हणून चेनवर कापडाची झडप असलेली सॅक बरी. पावसाळ्यात मागच्या चाकावरून उडणारा चिखल सॅकच्या नेमक्या खालच्या भागावर, म्हणजे कॅमेरा असतो तिथेच, बसतो. सीटखाली लावायचा छोटा प्लास्टिकचा मडगार्ड हा चिखल बऱ्याच अंशी थांबवतो. रेनकव्हर पाठीची बाजू झाकत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. इन्सर्ट तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगमध्ये घाला, म्हणजे वरून आलेले आणि आत गळलेले अशा दोन्ही पाण्यांपासून कॅमेरा वाचतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: बर्फ घातलेले पाणी भरले, तर कोकणच्या किंवा घाटातल्या दमट हवेत ब्लॅडरच्या बाहेरून थेंब सुटतात आणि काहीही गळत नसताना कप्पा ओला होतो. दमट दिवसांत साधेच पाणी भरावे.

नवीन ब्लॅडरची परीक्षा घेतल्याशिवाय ते कॅमेऱ्याशेजारी ठेवू नका. काठोकाठ भरा, झाकण लावा, नळी जोडा, वर्तमानपत्रावर आडवे ठेवून त्यावर तीन-चार जाड पुस्तके ठेवा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी कागदावर ओला डाग दिसला, तर तो झाकणाच्या आट्यांशी आहे, नळीच्या जोडाशी आहे की नळीच्या टोकाच्या, तोंडात धरायच्या व्हॉल्व्हशी, हे लगेच कळते. आट्यांच्या झाकणापेक्षा वरची कड दुमडून त्यावर पट्टी सरकवायची असते, तसे ब्लॅडर मला अधिक भरवशाचे वाटते. ते धुवायलाही सोपे असते, कारण आत पूर्ण हात जातो. व्हॉल्व्हला बंद करायची कळ असलीच पाहिजे, नाहीतर गाडीत सॅक आडवी ठेवली की व्हॉल्व्ह दाबला जाऊन सीट भिजते.

सॅक घेताना स्वतःचा कॅमेरा, इन्सर्ट आणि हेल्मेट घेऊन दुकानात जा. ब्लॅडरमध्ये दोन लिटर पाणी भरू द्यावे, अशी विनंती करा. हेल्मेट घालून, सॅक लावून सायकलवर बसा, उतारावर असल्यासारखे मागे आणि खाली जा आणि मान वर करून समोर पाहा. हेल्मेटची मागची कड सॅकच्या माथ्याला टेकली, तर ती सॅक तुमच्या धडासाठी उंच आहे, मग ती कितीही चांगली असो. त्यानंतर पट्टे आवळून जागच्या जागी चार उड्या मारा. सॅक वर उचलली जाऊन पाठीवर आपटत असेल, तर कमरपट्टा तुम्हाला बसत नाही.

नावेच हवी असतील, तर तुमच्या साहित्यासाठी ऑस्प्रेची रॅप्टर १४ किंवा त्याच मापाची ड्यूटर वा इव्होकची सॅक घेऊन तिच्यात छोटा इन्सर्ट बसवणे हा माझा पहिला पर्याय. कॅमलबॅकची म्यूल उत्तम आहे, पण टेलिफोटो नेणार असाल तर तिच्यात दाटी होईल. फक्त किट लेन्स नेणार असाल तर तीच घ्या. फोटो हाच मुख्य हेतू असेल आणि वाट सोपी असेल, तर लोप्रोची फोटोस्पोर्ट पाहा. बाजूने उघडणारा कॅमेऱ्याचा कप्पा आणि ब्लॅडरची जागा या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत. कॅमेऱ्याच्या सॅकना मी आधी जो नकार दिला, त्याला एवढा एक अपवाद करतो. पुढे कधी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-२०० एफ २.८ ही मोठी टेलिफोटो घेण्याचा विचार असेल, तर ती लेन्स एकटीच एक ते दीड किलोची असते हे ध्यानात असू द्या. त्या साहित्यासाठी २० लिटरच्या पुढची सॅक लागेल आणि सायकल वेगळ्या पद्धतीने, सावकाश चालवावी लागेल.

घरी परतल्यावर कॅमेरा सॅकमध्ये रात्रभर ठेवू नका. पॅड घाम आणि दमटपणा धरून ठेवतात आणि बुरशीला तेवढे पुरते. कॅमेरा व लेन्स सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आर्द्रता मोजायचा छोटा काटा असेल, तर तो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. इन्सर्ट पंख्याखाली उघडा ठेवा. ब्लॅडर रिकामे करून आत लाकडी उलथने उभे घाला, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना चिकटणार नाहीत, आणि नळी काढून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून, दोरीवर उलटी टांगा.